आधी सर्टिफिकेट की आधी मशीन?

नेटवर्क दुरुस्तीचा धंदा सुरू करायला भारतात तांत्रिक परवाना लागत नाही. इंटरनेट विकायचे असेल तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. दुसऱ्याने दिलेले इंटरनेट गिऱ्हाइकाच्या घरात, दुकानात, शाळेत चालते ठेवायचे, तुटलेली फायबर जोडायची, राउटर आणि स्विच बसवायचे, एवढ्यासाठी उद्यम नोंदणी पुरते. ती १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर फुकट होते. निव्वळ सेवेची वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीचीही सक्ती नाही. कायद्याच्या बाजूने वाट मोकळी आहे. घोडे अडते ते पैशापाशी, आणि हाती आलेला पहिला पैसा कशावर घालायचा या प्रश्नापाशी.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. पाठीशी अंबाबरवा अभयारण्य, समोर कापसाची आणि संत्र्याची शेते. रेल्वे धरायची तर शेगाव गाठावे लागते आणि जिल्हा उद्योग केंद्रात एक कागद द्यायचा तर बुलढाण्यापर्यंत जाऊन-येऊन दिवस मोडतो. अशा गावात नेटवर्क बिघडले की शहरातून माणूस येईपर्यंत सेतू केंद्राचे काम थांबते, पतसंस्थेचा संगणक थांबतो, शाळेचे ऑनलाइन अर्ज राहतात. दुरुस्ती करणारा गावातच असावा याबद्दल दुमत नाही. त्याने आधी काय घ्यावे यावर मात्र दोन ठाम मते आहेत. इथे ती मामा आणि भाचा यांच्या तोंडी मांडली आहेत. मामा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करणारे, हातावर हुन्नर असलेले. भाचा आयटीआयमधून कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स हा एक वर्षाचा ट्रेड करून आलेला. दोघे म्हणजे दोन भूमिका आहेत, गावातल्या कोणा ठरावीक व्यक्ती नव्हेत.

भाचा: मामा, मले तीस हजार पाह्यजे. सीसीएनएची परीक्षा द्याची हाय.

मामा: एका पेपरचे तीस हजार? त्यात मशीन येते का काही?

भाचा: मशीन नाई येत. सर्टिफिकेट येते. तीन वर्षं चालते.

मामा: अन् तीन वर्षांनं?

भाचा: पुन्हा परीक्षा द्या लागते, नाईतर त्याइचे कोर्स करून गुण जमवा लागते.

मामा: मंग ते सर्टिफिकेट नोय बाप्पा, ते भाडं होय.

मामांचा आक्षेप नुसता तिरकसपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सीसीएनए ही सिस्को कंपनीची परीक्षा, क्रमांक २००-३०१, फेब्रुवारी २०२० पासून या रूपात चालू आहे. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २५,५०० रुपये, आणि त्यावर १८ टक्के कर धरला तर ३०,०९० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका परीक्षेला पावणेचार क्विंटलच्या जवळपास कापूस जातो, तोही हमीभाव पूर्ण मिळाला तर. कोरडवाहू एकराच्या उत्पन्नातला हा फार मोठा वाटा आहे, आणि त्यात बियाणे, फवारणी, वेचणी यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. नापास झाल्यास शुल्क परत मिळत नाही. दुसऱ्यांदा बसायचे तर पुन्हा पूर्ण शुल्क.

दुसरी ओळखीची परीक्षा कॉम्पटिया कंपनीची नेटवर्क प्लस. तिची सध्याची आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० या पट्टीवर ७२० गुणांना उत्तीर्ण करतात. तीही तीनच वर्षे चालते. सीसीएनए एका कंपनीच्या उपकरणांकडे झुकलेली, नेटवर्क प्लस कोणत्याच कंपनीची बाजू न घेणारी, असा फरक आहे. दोन्ही परीक्षा मोठ्या शहरातल्या केंद्रावर किंवा घरून कॅमेऱ्यासमोर देता येतात. घरून द्यायची तर खोली बंद, टेबल रिकामे, दुसरे कोणी आत येता कामा नये, आणि मधेच जोडणी तुटली तर परीक्षा थांबते. भारनियमन असलेल्या गावातून ही जोखीम घेऊ नये. त्यामुळे प्रवास आणि मुक्कामाचा खर्च शुल्काच्या जोडीला धरावाच लागतो.

एवढा खर्च करून जे हाती येते ते गावातल्या कामाला किती उपयोगी पडते, हे काम जवळून पाहिल्याशिवाय ठरत नाही.

घरोघरच्या फायबर जोडणीतली सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतो. उजेड पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. पॉवर मीटर लावला तर आकडा उणे येतो. उणे वीसच्या आसपास असेल तर प्रकृती ठणठणीत, उणे सत्तावीसच्या खाली गेला की डबा उजेड ओळखेनासा होतो. आकडाच येत नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे. रस्ता रुंद करणारा जेसीबी, पाइपलाइनचे खोदकाम, सातपुड्याच्या कडेला लोंबत्या केबलवर उड्या मारणारी वानरे, अशी कारणे असतात. तुटल्याची जागा ओटीडीआर नावाचे यंत्र सांगते. ते तारेत उजेडाचा एक ठोका सोडते आणि तो परत यायला लागलेला वेळ मोजते. काचेत उजेडाला एक किलोमीटर जायला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन १०. ठोका ३२ मायक्रोसेकंदांनी परतला तर तुटलेली जागा ३.२ किलोमीटरवर आहे. मग तिथे जाऊन जोड द्यायचा. काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा आणि त्यातला उजेड वाहणारा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा. आवरण सोलायचे, स्पिरिटने पुसायचे, क्लीव्हरने सरळ काप घ्यायचा, दोन्ही टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवायची. मशीन ठिणगीने टोके वितळवून सांधते. त्यावर चढवायची नळी, म्हणजे स्लीव्ह, जोडण्याआधीच एका धाग्यात ओवून ठेवावी लागते. ती विसरली तर चांगला झालेला जोड तोडून सगळे पहिल्यापासून करावे लागते. नवशिक्या हे हमखास विसरतो आणि दोन-चारदा हात पोळल्यावर कायमचे शिकतो.

यातले काहीही सीसीएनएच्या पेपरात येत नाही.

मामा: हेच सांगून राह्यलो तुले. गावाले जोड देणारा माणूस पाह्यजे. मशीन नसन तर तुय्या कागदाले वायर चिकटन का?

भाचा: नाई चिकटत. पण मामा, लाल दिवा गेला, हिरवा लागला, तरी नेट चालत नाई. तवा काय कराचं?

मामा: बंद करून चालू कराचं.

भाचा: अन् त्याच्यानंही झालं नाई तर?

भाच्याचा हा प्रश्न कळीचा आहे. शाळेच्या संगणक कक्षाचे उदाहरण घ्या. वायफायचा टप्पा वाढावा म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून स्विचला जोडतो. जुना राउटरही आपल्या परीने प्रत्येक संगणकाला पत्ता वाटू लागतो. आता एकाच खोलीत पत्ते वाटणारी दोन यंत्रे झाली. काही संगणकांना बरोबर पत्ता मिळतो आणि ते चालतात, काहींना चुकीचा मिळतो आणि ते अडतात. दुसऱ्या दिवशी चालणारे बंद पडतात आणि बंद असलेले चालतात. तार शाबूत, उजेड शाबूत, मीटरचा आकडा उत्तम. मशीनवाला माणूस इथे हतबल होतो, केबल बदलतो, स्विच बदलायला सांगतो, शाळेचे पैसे जातात. पत्ते कसे वाटले जातात हे ज्याला कळते तो एका संगणकावर मिळालेला पत्ता पाहून पाच मिनिटांत जुन्या राउटरपर्यंत पोहोचतो. दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये खोचलेली एक केबल अख्ख्या कार्यालयाचे नेटवर्क बंद पाडू शकते, आणि तेव्हा सगळे दिवे मात्र जोरात लुकलुकत असतात. ही दुखणी ओळखायला शिकवण्याचे काम सीसीएनए आणि नेटवर्क प्लसचा अभ्यास उत्तम करतो.

म्हणजे अभ्यास हवाच. परीक्षा कधी द्यायची हा वेगळा प्रश्न आहे, आणि मामा-भाच्याच्या वादात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. अभ्यासाला तीस हजार लागत नाहीत. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे बरेच अभ्यासक्रम फुकट आहेत आणि पॅकेट ट्रेसर नावाचे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर आभासी राउटर-स्विच जोडून सराव करू देते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे संगणक नेटवर्कवरचे वर्ग फुकट ऐकता येतात. हाताचे काम शिकायचे तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था म्हणजे आरसेटी आहे. १९८२ मध्ये कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या नमुन्यावर या संस्था देशभर उभ्या राहिल्या. १८ ते ४५ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना राहणे-जेवण फुकट. त्यांच्या यादीत संगणक हार्डवेअर व नेटवर्किंगचा ४५ दिवसांचा आणि सीसीटीव्ही बसवण्याचा १३ दिवसांचा अभ्यासक्रम आहे. प्रशिक्षणानंतर बँकेच्या कर्जासाठी पाठपुरावाही संस्थेनेच करायचा असतो. संग्रामपूर तालुक्यातल्या फार थोड्या मुलांना ही वाट माहीत असते, आणि माहीत असणाऱ्यांनाही ‘फुकटाचं काय असणार’ असे वाटते. तो समज सोडावा. जिथे गिऱ्हाईक कागद मागत नाही तिथे ४५ दिवसांचा हात पुरेसा आहे.

भाचा: पण कागद मागणारेही हायेत. बँकेची शाखा, पेट्रोल पंप, मोठी हॉस्पिटलं. त्याइचा करार शहरातल्या एजन्सीशी राह्यते. एजन्सी आपल्या गावात माणूस शोधते अन् पयले इचारते, सर्टिफिकेट काय हाय? नाई म्हटलं तर फेरीवर ठेवते. एका फेरीचे दोनशे-तीनशे.

मामा: अन् हाय म्हटलं तर?

भाचा: तर करारात नाव घालते.

मामा: घालतेच असं कोनं लिहून देल्लं?

भाच्याकडे याचे उत्तर नाही, आणि खरे म्हणजे कोणाकडेच नाही. प्रमाणपत्र काम मिळवून देण्याची हमी देत नाही. ते दार ठोठावण्याचा हक्क देते. शेगावात किंवा खामगावात नोकरी शोधणाऱ्या मुलासाठी या हक्काची किंमत तीस हजारांहून मोठी असू शकते, कारण तिथे ठोठावायला दारे पुष्कळ आहेत. सोनाळ्यात दुकान टाकणाऱ्याच्या आसपास अशी दारे मोजकी. पहिल्या वर्षी त्याचे पोट घरगुती जोडण्यांवर, सीसीटीव्हीवर आणि दुकानांतल्या राउटरवर चालणार. हे गिऱ्हाईक काम पाहते आणि काम झाले की शेजाऱ्याला सांगते.

चित्र मात्र पालटते आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचा प्रकल्प ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाला, २०१५ मध्ये त्याला भारतनेट हे नाव मिळाले. गावोगावी पेट्या बसल्या, पण तार तुटली की महिनोन् महिने कोणी फिरकत नाही असा अनुभव अनेक ठिकाणी आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार एकेरी न नेता कड्यासारखी फिरवायची आहे, म्हणजे एका जागी तुटली तरी उलट दिशेने चालू राहील. शेवटच्या टप्प्यातल्या घरगुती जोडण्या आणि त्यांची देखभाल स्थानिक ‘भारतनेट उद्यमी’कडे देऊन महसुलात निम्मा वाटा द्यायची पद्धतही त्यात आहे. उद्या सोनाळ्यातला तरुण अशा कामासाठी उभा राहिला तर त्याच्याकडे जोड देण्याचे मशीन आणि कौशल्याचा कागद दोन्ही असणे चांगले. तो कागद सीसीएनएच असला पाहिजे असेही नाही. दूरसंचार क्षेत्र कौशल्य परिषदेचे ऑप्टिकल फायबर स्प्लायसर आणि ऑप्टिकल फायबर टेक्निशियन हे अभ्यासक्रम नेमके याच कामाचे आहेत, आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तुकडी असेल तेव्हा ते विनाशुल्क होतात.

आता पैसा. सरकारी योजनांची नावे गावात सगळ्यांना पाठ असतात, पण कोणती योजना कशाला पैसा देते हे पाहिले जात नाही. घोळ तिथेच होतो.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला सुरू झाली. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते, तारण नाही. पण ते धंद्याच्या सामानासाठी आणि खेळत्या भांडवलासाठी. बँक मॅनेजर कोटेशन मागतो. स्प्लायसिंग मशीनचे कोटेशन देता येते, परीक्षेच्या शुल्काचे त्या रकान्यात बसत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचेही तेच. २००८ पासूनच्या या योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के अनुदान आहे. समजा इतर मागासवर्गातल्या मुलाने २ लाखांचा प्रकल्प मांडला. स्वतःचे ५ टक्के म्हणजे १० हजार, बँकेचे १ लाख ९० हजार, आणि अनुदान ७० हजार. मात्र अनुदान हातात मिळत नाही. ते ३ वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळते होते. ‘सत्तर हजार फुकट’ म्हणून जो धावतो तो पहिल्याच हप्त्याला गडबडतो.

शिकण्यासाठी म्हणून कर्ज देणारी वेगळी सोय आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. कौशल्य कर्जाची योजना २०१५ ची. तिची मर्यादा दीड लाख होती, ती जुलै २०२४ मध्ये साडेसात लाखांवर नेली गेली. राष्ट्रीय कौशल्य चौकटीला जोडलेला किंवा स्किल इंडिया डिजिटल हबवर नोंदलेला अभ्यासक्रम असेल तर त्याचे शुल्क, त्यातली परीक्षा, साहित्य यांना हे कर्ज चालते. परदेशी कंपनीची सुटी परीक्षा, जिला कोणताही वर्ग जोडलेला नाही, ती इथेही बाहेरच राहते. थोडक्यात, ज्या तीस हजारांसाठी भाचा मामांकडे आला, नेमक्या त्या तीस हजारांना एकही मोठी योजना थेट उत्तर देत नाही. मशीनला पैसा आहे, वर्गाला पैसा आहे, परीक्षेला नाही. हा धोरणातला दोष आहे. स्वयंरोजगाराच्या प्रकल्पखर्चात व्यवसायाला लागणाऱ्या प्रमाणपत्राचे शुल्क धरायला हरकत नसावी. यंत्र जसे भांडवल तसे कौशल्याचे प्रमाणही भांडवलच आहे.

राहिले गावातले पैसे. बचत गटाचे अंतर्गत कर्ज, भिशी, पतसंस्था. बुलढाणा जिल्ह्याला पतसंस्था नव्या नाहीत. १९८६ मध्ये बुलढाण्यात सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही देशातल्या मोठ्या पतसंस्थांत गणली जाते, आणि गोदामातल्या शेतमालाच्या तारणावर कर्ज देण्याची तिची पद्धत शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. आई बचत गटात असेल तर दहा-पंधरा हजार दोन मीटिंगांत मिळतात. तेवढ्यात पॉवर मीटर, लाल उजेडाचा पेन, क्लीव्हर, क्रिम्पिंग टूल आणि केबल टेस्टर येऊन काम सुरू करता येते. मशीन पहिले काही महिने जोडाच्या हिशेबाने भाड्याने आणावे. व्याज मात्र नीट विचारून घ्यावे. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. एवढ्या व्याजाचा पैसा रोज कमावणाऱ्या हत्याराला परवडतो, कधी कामी येईल ते ठाऊक नसलेल्या कागदाला परवडत नाही.

भाचा: मंग वर्गणी केली तर? ऑनलाइन मांडतात लोक. गावातले पुण्या-मुंबईले गेलेले हायेत, दोनशे-पाचशे देतीन.

मामा: सोनाजी महाराजाच्या यात्रेले गाव वर्गणी देते, कारण पंगतीत सारे बसतात. तुय्या परीक्षेच्या पंगतीत कोन बसन?

मामांचे म्हणणे कठोर वाटते, पण वर्गणीचा नियम त्यात अचूक आला आहे. केटो, मिलाप यांसारख्या मंचांवर आजारपणाच्या हाकेला लोक धावून जातात, कारण गरज तातडीची आणि उघड असते. एका तरुणाच्या परीक्षेसाठी अनोळखी माणूस हात सैल सोडील याची आशा धरू नये. शिवाय नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती सगळी करपात्र उत्पन्न धरली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते. आणखी एक गोष्ट पैशापलीकडची. देणगीवर परीक्षा दिली आणि नापास झाला, तर मुलाला गावात मान वर करून फिरणे अवघड होते.

शिक्षणासाठी पैसा उभा करण्याची याहून चांगली रीत महाराष्ट्राला माहीत आहे, ती म्हणजे सेवेच्या बोलीवर घेतलेला पैसा. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ती परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट उच्च शिक्षणाला मदत देतो ती कर्जशिष्यवृत्तीच्या रूपात. दोन्हीकडे घेणारा याचक ठरत नाही. त्याच्याकडून काहीतरी परत यायचे असते, आणि ते काय हे आधीच लिहिलेले असते.

हीच रीत गावपातळीवर आणता येते. पहिल्या वर्षात काम पाहिलेली पाच-सहा गिऱ्हाइके निवडावीत: शाळा, कृषी केंद्र, सेतू केंद्र, पतसंस्था, एखादा दवाखाना. त्यांच्याशी वर्षाच्या देखभालीचा साधा लेखी करार करावा. समजा प्रत्येकाचे वर्षाचे ३ हजार आणि सहा गिऱ्हाइके, तर १८ हजार आगाऊ जमतात. करारात चार गोष्टी स्वच्छ लिहाव्यात. वर्षात किती फेऱ्या, तक्रारीनंतर किती तासांत हजर होणार, सामानाचे पैसे वेगळे की त्यातच, आणि काम सोडले तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत. परीक्षेचे उरलेले पैसे त्याच वर्षाच्या कमाईतून बाजूला पडतात.

मामा: हे पटते मले. लोकायनं पैसे देल्ले ते कामाचे देल्ले. तू पास हो का नापास, त्याइचं नेट चाललं पाह्यजे.

भाचा: पण मामा, मधातच साल जाईन. तवरोक दुसऱ्या गावचा पोट्टा सर्टिफिकेट घेऊन येईन.

मामा: येऊ दे. त्याले सोनाळ्यातली कोनती वायर कोन्या खांबावरून गेली हे माहीत हाय का?

भाच्याची घाई समजण्यासारखी आहे. तंत्र पालटते, वय निघून जाते, आणि मामांच्या पिढीला ‘थांब’ म्हणणे सोपे जाते. मोटार रिवाइंडिंगचे हुन्नर मामांना कागदाविना जन्मभर पुरले, पण तांब्याच्या तारेची मोटार तीस वर्षांत फारशी बदलली नाही आणि नेटवर्क दर पाच वर्षांनी बदलते. म्हणून ‘कागद लागतच नाही’ हे मामांचे टोक सोडून द्यावे लागते. तसेच ‘कागद आधी’ हे भाच्याचे टोकही सोनाळ्यात टिकत नाही, कारण तिथे तीस हजारांची चूक भरून काढायला दुसरा पगार नसतो. दोन वाटा मात्र अपवाद धराव्यात. मुलाला शहरात नोकरीच करायची असेल तर परीक्षा आधी द्यावी. आणि मुलगी या धंद्यात उतरणार असेल तर प्रमाणपत्र लवकर घ्यावे, कारण तिच्या हाताच्या कौशल्यावर गावात विनाकारण शंका घेतली जाते आणि तिथे कागद पहिल्या दिवसापासून कामी येतो.

बाकीच्यांसाठी क्रम ठरलेला बरा. आधी फुकटचे शिक्षण आणि आरसेटीचे प्रशिक्षण, मग बचत गटाच्या पैशातून हातातली हत्यारे, मग उद्यम नोंदणी आणि वर्षभराचे काम, मग आगाऊ देखभालीच्या पैशातून परीक्षा, आणि सर्वांत शेवटी स्प्लायसिंग मशीनसाठी मुद्रा कर्ज, तेही महिन्याला किती जोड पडतात याची वही हाती आल्यावर. ज्या दिवशी ती वही हप्त्यापेक्षा जास्त आकडा दाखवते तोच मशीन घ्यायचा दिवस.

संग्रामपूर तालुक्यातल्या शाळा, पतसंस्था आणि ग्रामपंचायती यांनी दरवर्षी शहरातल्या एजन्सीशी देखभालीचे जे करार होतात त्यातला एक गावातल्या शिकलेल्या मुलाशी करून पाहावा, आणि पैसे वर्षाच्या सुरुवातीला द्यावेत.